सतरा पौंडांचा संसार : पेशन्स लोडरची गोष्ट

हेडफोन नीट लावा, कारण आजची गोष्ट लांबच्या प्रवासाची आहे.

सुरुवात एका आकड्याने करू. सतरा पौंड, म्हणजे साधारण पावणेआठ किलो. विमानात केबिन बॅगेला सात किलो चालतात, म्हणजे त्याहून जेमतेम जास्त. आता समजा, तुम्हाला कोणी सांगितलं की देश कायमचा सोडायचाय, परत यायचं नाही आणि सोबत एवढंच सामान न्यायचं. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, सगळं त्या सतरा पौंडांत. शिवाय सामान न्यायला घोडा नाही, बैल नाही. हातगाडी आहे, ती तुम्हीच ओढायची. किती? दोन हजार किलोमीटरच्या वर. मुंबईहून कोलकात्यापर्यंत चालत जा, त्याहून थोडं जास्तच.

१८५६ साली शेकडो माणसं असं चालत निघाली. त्यातली एक होती पेशन्स लोडर. वय एकोणतीस. म्हणजे हा पॉडकास्ट ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्या आसपासचं.

पेशन्सचा जन्म १८२७ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमधल्या ॲस्टन रोवंट या गावातला. वडील जेम्स लोडर माळीकाम करायचे, एका बड्या घराच्या बागेत वीसेक वर्षं. घरात भरपूर भावंडं. पेशन्स तरुणपणीच घराबाहेर पडली आणि लोकांच्या घरी, हॉटेलात नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिली. १८५० च्या दशकात ती मॉर्मन झाली. घरचे बरेच जणही झाले.

आता मॉर्मन म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या माणसाने हा पंथ सुरू केला. आजूबाजूच्या लोकांशी त्यांचं कधीच पटलं नाही. एका राज्यातून हाकललं की दुसऱ्या राज्यात, असं चालू होतं. १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला मारलं. मग ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. आजचं युटा राज्य ते हेच. या पंथाच्या बहुपत्नीत्वाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तो स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे, आज तिकडे जात नाही.

गंमत बघा. यांचे प्रचारक १८३७ मध्ये इंग्लंडला पोचले आणि तिथे त्यांना प्रचंड प्रतिसाद मिळाला. १८५० च्या आसपास युटामध्ये जेवढे मॉर्मन होते, त्यापेक्षा जास्त ब्रिटनमध्ये होते! कारखान्यातले मजूर, विणकर, खाणकामगार, मोलकरणी. हे प्रचारक आपल्याकडेही आले होते बरं का. ह्यू फिंडले नावाचा एक जण १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि पुण्यात प्रचार करत होता. इथे त्यांना फार यश आलं नाही, पण जाळं किती लांब टाकलं होतं ते कळतं.

आणि धर्म स्वीकारला की काम संपत नव्हतं. सगळ्यांनी एका ठिकाणी गोळा व्हायचं, ही त्या श्रद्धेची मुख्य गोष्ट. त्या जागेला ते झायन म्हणायचे. तिथे जाणं म्हणजे नुसतं स्थलांतर नव्हतं, धर्मकर्तव्य होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रश्न पैशांचा होता. गरिबांना कर्जाऊ मदत करायला पंथाने १८४९ मध्ये एक फंड काढला होता. नवीन माणूस आला, कमवायला लागला की त्याने पैसे फेडायचे आणि त्यातून पुढचा माणूस यायचा. कागदावर मस्त मॉडेल. पण गरीब माणूस नव्या जागी आल्याआल्या कर्ज कसं फेडणार? फंडावर ताण आला. त्यात १८५५ मध्ये युटात टोळधाड आणि दुष्काळ. बैलगाड्यांचा खर्च झेपेना. तेव्हा ब्रिगहॅम यंगने तोडगा काढला : बैलच काढून टाका. दोन चाकांच्या हलक्या हातगाड्या बनवा, चार-पाच माणसांत एक. लोक चालतील आणि ओढतील. लिव्हरपूलपासून सॉल्ट लेकपर्यंत माणशी साधारण नऊ पौंडांत काम होईल.

इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना वेडगळ वाटत नाही, हे आधीच सांगतो. बैलांना चारा लागतो, ते वाटेत मरतात, पळून जातात. हातगाडी सोपी आणि स्वस्त. १८५६ मध्ये पहिल्या दोन हातगाडी तुकड्या सप्टेंबरच्या शेवटी सॉल्ट लेकला सुखरूप पोचल्यासुद्धा. १८५६ ते १८६० या काळात दहा तुकड्या गेल्या, जवळजवळ तीन हजार माणसं, आणि त्यातल्या आठ तुकड्यांचा प्रवास कष्टाचा असला तरी पार पडला. म्हणजे सिस्टीम चालत होती. पण कधी? गाड्या चांगल्या असतील आणि वेळेत निघालात तर. त्यात चूक झाली तर सावरायला जागा शून्य.

लोडर कुटुंब १८५५ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंड सोडून न्यूयॉर्कला आलं. तिथे थोडं काम करून पैसे जमवायचे आणि पुढे जायचं, असा बेत. तेवढ्यात निरोप आला की पुढचा प्रवास हातगाडीने होणार. घरात खळबळ! आई एमी पन्नाशी ओलांडलेली, तब्येतीने नाजूक. घरात मुलीच जास्त. पेशन्सने सरळ पत्र लिहिलं : आईला एवढं चालणं शक्य नाही, आम्हाला हे पटत नाही. पत्र लिहिलं जॉन जॅक्सला. हा तिच्या बहिणीचा, झिल्फाचा नवरा. तो लिव्हरपूलला पंथाच्या साप्ताहिकात काम करत होता.

घरातलं पत्र, घरच्या माणसाला. जॉनने काय केलं? ते छापलं. सोबत आपलं खरमरीत उत्तरही छापलं, की श्रद्धा असलेली माणसं अशी कुरकुर करत नाहीत.

आजच्या भाषेत सांगायचं तर, तुम्ही जवळच्या माणसाला खासगी मेसेज केला आणि त्याने त्याचा स्क्रीनशॉट अख्ख्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, बघा, याचं कमिटमेंट किती कमी आहे ते.

वडिलांनी ते छापलेलं वाचलं. पेशन्सने पुढे आठवणींत लिहिलंय की हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पंथ सोडायला निघालेला माणूस, असं कोणी म्हटलेलं त्यांना सहन होणार नव्हतं. त्यांनी ठरवलं, वाटेत मेलो तरी चालेल, पण हातगाडी ओढत जाणार.

इथे जरा थांबू. पेशन्सच्या पत्रात लिहिलेली अडचण खरी होती. आईची तब्येत, अंतर, ओझं. तिचं उत्तर द्यायचं तर कोणीतरी अंतर मोजायला हवं होतं, माणसं मोजायला हवी होती. पण उत्तर आलं ते श्रद्धेबद्दल. एकदा प्रश्नाचं उत्तर ‘तुझी निष्ठा कमी आहे’ असं मिळालं की पुढे प्रश्न कोण विचारणार?

पुढची साखळी बघा. लिव्हरपूलहून त्या वर्षीची शेवटची जहाजं उशिरा निघाली. ‘होरायझन’ नावाचं जहाज मे महिन्याच्या शेवटी सुटलं, आठशेहून जास्त माणसं घेऊन. जून संपता संपता बोस्टन. तिथून रेल्वेने आयोवा सिटी, कारण रेल्वे तिथेच संपत होती. तिथे पोचल्यावर कळलं, एवढ्या माणसांना पुरतील इतक्या गाड्या तयारच नाहीत. मग घाईघाईत ओल्या, न मुरलेल्या लाकडाच्या गाड्या बनवल्या. ज्यांनी सुतारकाम बघितलंय त्यांना माहीत असेल, ओलं लाकूड वाळलं की आकसतं, सांधे ढिले पडतात. वाटेत वाळू आणि धूळ. आस झिजायला लागले. वंगण नाही म्हणून लोकांनी खायचं बेकन आणि अंगाचा साबण चाकांना लावला!

एडवर्ड मार्टिन यांच्या नेतृत्वाखालची तुकडी जुलैच्या शेवटी आयोवा सिटीहून निघाली. लोडर कुटुंब याच तुकडीत. आणि हो, जॉन जॅक्ससुद्धा, बायको आणि लहानग्या फ्लोरासह. तो नुसता लिहून मोकळा झाला नव्हता, स्वतः गाडी ओढायला आला होता. वाटेतच झिल्फाचं बाळंतपण झालं. बाळंतिणीला घेऊन हे कुटुंब पुन्हा चालायला लागलं.

ऑगस्टमध्ये फ्लोरेन्स आलं, आजच्या ओमाहाजवळ. पुढे वस्ती जवळजवळ नाही. डोंगर लागणार ऑक्टोबरमध्ये. थांबायचं की निघायचं? मार्टिनच्या थोडी पुढे असलेल्या विली तुकडीत लेव्हाय सॅव्हेज नावाचा अनुभवी माणूस होता. तो उभा राहून म्हणाला, आत्ता निघालो तर म्हातारी, आजारी माणसं मरतील. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. मग तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही निघालात तर मी तुमच्यासोबत येईन, काम करीन, गरज पडली तर मरेन. आणि गेला.

मार्टिन तुकडीने २५ ऑगस्टला फ्लोरेन्स सोडलं.

सप्टेंबर संपता संपता, नेब्रास्कात, पेशन्सचे वडील गेले. आधीपासून आजारी होते, तरी गाडीला हात लावून चालत होते. शवपेटी कुठून आणणार? मुलींनी त्यांना गोधडीत गुंडाळलं, गोधडी शिवून टाकली आणि खड्ड्यात ठेवलं. मग निघावं लागलं. थांबून रडायलासुद्धा वेळ नव्हता.

आणि आता ती तारीख. १७ ऑक्टोबर. डीअर क्रीक नावाचा ओढा, आजचं वायोमिंग. बैल थकले होते, माणसंही थकली होती. निर्णय झाला, वजन कमी करा. सतरा पौंडांचे दहा पौंड. लहान मुलांचे पाच. मग लोकांनी जास्तीचे कपडे, ब्लँकेट्स काढली आणि जाळली.

दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, प्लॅट नदी शेवटची ओलांडायची होती. थंडगार पाणी, जोराचा प्रवाह, पेशन्स आणि तिच्या बहिणी गाडी ओढत त्या पाण्यातून गेल्या. पलीकडे पोचले आणि बर्फ पडायला लागला. ओले कपडे अंगावरच गोठले. आणि बदलायला दुसरे नव्हते. ब्लँकेट्सची राख मागे, डीअर क्रीकला.

त्या रात्रीपासून रोज माणसं मरायला लागली. पीठ दिवसाला एक पौंड मिळायचं, ते कमी होत होत पाव पौंडावर आलं. मेलेल्या बैलांची कातडी उकळून लोक ते पाणी पीत होते.

पेशन्सने यातलं एक दृश्य लिहून ठेवलंय. एका सकाळी एवढी थंडी की मुली उठेचनात. अंगात त्राण नाही, मनात तर काहीच उरलेलं नाही. आई एमी, जिला चालता येणार नाही म्हणून ते पत्र लिहिलं होतं, ती उठली. म्हणाली, थांबा, मी तुम्हाला नाचून दाखवते. आणि बर्फात, ठिगळ लावलेल्या कपड्यांत ती खरंच नाचायला लागली. नाचता नाचता पडली. मुली घाबरून धावल्या, आईला लागलं का बघायला. एमी हसायला लागली. म्हणाली, मला माहीत होतं, मी पडले की तुम्ही उठाल.

मला विचाराल तर या अख्ख्या इतिहासातली सगळ्यात हुशार बाई हीच. भाषण नाही, प्रवचन नाही. मुलींना उठवायचं होतं, उठवलं.

तिकडे सॉल्ट लेकला ४ ऑक्टोबरला बातमी पोचली की अजून शेकडो माणसं मागे आहेत. दुसऱ्याच दिवशी ब्रिगहॅम यंगने सभेत मदतीचं आवाहन केलं आणि दोन दिवसांत पीठ, कपडे भरलेल्या गाड्या निघाल्या. २८ ऑक्टोबरला तीन घोडेस्वारांनी मार्टिन तुकडीला शोधून काढलं. पुढे स्वीटवॉटर नदीपाशी मदतीला आलेल्या तरुण पोरांनी बर्फाळ पाण्यातून लोकांना उचलून पलीकडे नेलं. एमीने त्यातल्या एकाचे आभार मानले तेव्हा तो जरा करड्या आवाजात म्हणाला, आभार नकोत, आम्ही मदतीलाच आलोय. पेशन्सला तो उद्धट वाटला.

३० नोव्हेंबरला, रविवारी, मार्टिन तुकडी सॉल्ट लेकला पोचली. निघाली तेव्हा पावणेसहाशेच्या आसपास माणसं होती. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे १३५ ते १५० असा सांगितला जातो. विली तुकडीत आणखी साठ-सत्तर. मृतांमध्ये एक नाव आहे फ्लोरा जॅक्सचं. जॉनची मुलगी. पोचायला आठवडाच उरला होता.

म्हणून जॉन जॅक्सला खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने जे छापलं त्याची किंमत त्याच्याच घराने मोजली. पण छापलेलं चूक होतं, हेही तेवढंच खरं.

दोष कोणाचा? हा प्रश्न तेव्हाही निघाला. नोव्हेंबर १८५६ मध्ये ब्रिगहॅम यंगने भर सभेत सांगितलं की इतक्या उशिरा माणसं पाठवायची परवानगी मी दिली नव्हती. रोष गेला फ्रँकलिन रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर, म्हणजे स्थलांतराची व्यवस्था बघणाऱ्यांवर. ते फ्लोरेन्सला होते, त्यांनी निघण्याला दुजोरा दिला होता. पण योजना कुणाची होती? खर्च कमी करायचा दबाव कुठून आला? प्रश्न विचारणाऱ्याला कमी श्रद्धेचा ठरवायची हवा कोणी तयार केली? एवढं सगळं एका-दोघांच्या माथी मारून चालत नाही. बरं, पुढच्या तुकड्या वेळेत निघायला लागल्या आणि १८६० नंतर हातगाड्या बंद झाल्या. १८६१ पासून युटाहून बैलगाड्या पाठवून लोकांना घेऊन यायला लागले. म्हणजे दुसरा मार्ग होता. तो सापडायला एवढी माणसं जावी लागली.

पेशन्सची गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हेच आवडतं. १८५८ मध्ये तिने लग्न केलं जॉन रोझा नावाच्या सैनिकाशी, मूळचा हंगेरीचा. तो होता अमेरिकन फौजेत, म्हणजे मॉर्मन लोकांवर वचक ठेवायला सरकारने जी फौज पाठवली होती, त्याच फौजेत! गावात काय चर्चा झाली असेल, कल्पना करा. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, फौज पूर्वेकडे गेली, पेशन्सही नवऱ्यासोबत गेली. युद्धानंतर युटाला परतताना, १८६६ मध्ये, वाटेत नवरा गेला. पुन्हा तेच मैदान, पुन्हा वाटेवरचा मृत्यू. मुलांना घेऊन ती युटाला पोचली. खाणकामगारांच्या छावणीत स्वयंपाक करून तिने संसार चालवला. नंतर पुन्हा लग्न केलं, प्लेझंट ग्रोव्ह नावाच्या गावात राहिली आणि नव्वदी ओलांडून जगली.

उतारवयात तिने सगळं लिहून काढलं. शाळा फारशी नव्हती, शुद्धलेखन तिचं स्वतःचं, पूर्णविराम-स्वल्पविरामाचा पत्ता नाही. जशी बोलते तसं लिहिलंय. २००६ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. ती शेवटपर्यंत श्रद्धा धरून राहिली. पण वडिलांचं मन कसं दुखावलं, पत्र कसं छापलं, हे तिने गाळलं नाही. श्रद्धाही ठेवली आणि हिशोबही ठेवला. ‘पेशन्स’चा अर्थ धीर. तिच्याकडे धीर होताच, पण आठवणही पक्की होती.

आणि आज मला एवढंच सांगायचंय. आज युटामध्ये हातगाडीवाल्यांच्या त्यागाची आठवण फार मानाने काढतात. तरुण मुलं हातगाड्या ओढत तो रस्ता थोडा चालून बघतात. चांगलं आहे, त्या माणसांचा मान व्हायलाच हवा. एमीचा नाच खरा आहे, ती पोरं पाण्यात उतरली ते खरं आहे. पण त्यागाचं कौतुक इतकं मोठं होऊ नये की त्या त्यागाची वेळ का आली, हा प्रश्न झाकला जावा. शौर्याने नियोजनातली चूक भरून निघते, पण ती चूक होती हे पुसलं जात नाही.

आपल्याकडेही हे रोज दिसतं. रात्रभर जागून रिलीज काढणाऱ्या टीमसाठी टाळ्या वाजतात, केक कापला जातो. छान. पण रात्रभर का जागावं लागलं, हे विचारणाऱ्याकडे ‘टीम प्लेअर नाही’ म्हणून बघतात. तिथे फार तर झोप जाते. १८५६ मध्ये माणसं गेली.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपमध्ये, घरात, ऑफिसात कोणी पेशन्ससारखं पत्र लिहिलं, की बाबा, हे झेपणार नाही, तर आधी त्याचं अंतर मोजा, ओझं मोजा. त्याची निष्ठा मोजायची घाई करू नका.

आजच्यापुरतं एवढंच. ज्याला ‘तू निगेटिव्ह बोलतोस’ असं सारखं ऐकावं लागतं, अशा एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.